शब्दकोड्यातले सामान्यज्ञान कोणाचे?

शब्दकोडे सोडवायला मी वसतिगृहात शिकलो. रविवारचे वर्तमानपत्र आमच्या हाती दुपारनंतर येई, तोवर त्याच्या घड्या मोडलेल्या असत. एकदा आडव्या शब्दांत 'यज्ञाच्या शेवटी करावयाचे स्नान' असा चार अक्षरी शब्द विचारला होता. पहिले 'अ' अकोल्यावरून मिळाले. तिसऱ्या घरातून खाली उतरणारा शब्द होता 'एक ऋषी', अक्षरे दोन. आमच्या घरात यज्ञ कधी झाला नव्हता आणि ऋषीशी कुणाची ओळख नव्हती. बाप लग्नात हलगी वाजवायचा. एक शिक्षक मागून वाकून पाहत म्हणाले, "अरे, हे तर सामान्यज्ञान आहे!" स्नान म्हणजे 'अवभृथ', ऋषी 'भृगू'.

तो 'सामान्य' शब्द माझ्या डोक्यात अजून आहे. आज मी महाविद्यालयात शिकवतो, घराण्यातला पहिला पदवीधर आहे, 'अवभृथ'ही पाठ झाला आहे. पण सामान्य म्हणजे कोणाला सामान्य, हा प्रश्न सुटलेला नाही. म्हणून आधी हे कोडे बनते कसे ते पाहू.

शब्दकोड्याला फार मोठी परंपरा नाही. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या पत्रकाराने पहिले कोडे छापले. त्याची चौकट शंकरपाळ्याच्या आकाराची होती. १९२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या खेळाला वेळेचा अपव्यय म्हणून नाके मुरडली. १९४२ च्या फेब्रुवारीत तेच पत्र स्वतः कोडे छापू लागले. प्रतिष्ठितांचा सोवळेपणा असा बाजार पाहून सैल होतो, हे जाता जाता.

खेळाचे मर्म छेदात आहे. आडवा शब्द येत नसेल तर उभ्या शब्दांनी त्याची अक्षरे हाती द्यावयाची. जे ठाऊक आहे त्याच्या आधाराने जे ठाऊक नाही ते मिळवावयाचे. म्हणून दोन अनोळखी शब्द एकाच घरात भेटू देऊ नयेत, हा कोडेकाराचा धर्म. २००८ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या एका कोड्यात नॅटिक हे मॅसॅच्युसेट्समधले गाव आणि एन. सी. वायेथ हा चित्रकार एकाच 'एन'वर छेदले गेले. सोडवणारे अडले, आणि अशा अन्यायी छेदाला तिकडे 'नॅटिक' असेच नाव पडले. माझ्या कोड्यातला 'भृ' हा माझा नॅटिक होता. मागे उभ्या असलेल्या शिक्षकांना तो छेद अन्यायी वाटला नाही, कारण त्यांना दोन्ही शब्द घरातच मिळाले होते. कोडेकार कोणाला समोर धरून चौकट आखतो, ते अशा एका घरात उघडे पडते.

मात्र सगळा दोष मनूच्या माथी मारून चालणार नाही. थोडा काना-मात्रा-वेलांटीचाही आहे. इंग्रजीत एका घरात सव्वीसांपैकी एक अक्षर बसते. मराठीत 'क' वेगळा, 'की' वेगळी, 'क्का' आणखी वेगळा. एका घरात शेकडो अक्षरांपैकी कोणतेही येऊ शकते. छेद जुळवणे अवघड होते. मग कोडेकार मात्रा नसलेल्या शब्दांकडे वळतो: कमल, नगर, समर, रजत. साठा अपुरा पडला की संस्कृत कोशातून कमळाची आणखी चार नावे काढतो. बाजरीच्या भाकरीला पर्यायी नावे नाहीत, कमळाला आहेत.

दुसरी गोष्ट सूचक वाक्याची. सूचना आणि उत्तर यांचे व्याकरण जुळावे, आणि उत्तर एकच निघावे, एवढे नियम. पण या नियमांत बसूनही माणूस लहान करता येतो. पाच घरांत 'आंबेडकर' हवे असले की सूचना ठरलेली: 'भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार'. '१९२० साली मूकनायक पाक्षिक सुरू करणारे' किंवा '१९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ' असे लिहिले तरी पाचच घरे भरतात. तीच गोष्ट 'चवदार'ची. 'महाडचे एक तळे' म्हटले की भूगोल होतो. 'जेथे २० मार्च १९२७ रोजी अस्पृश्य मानलेल्यांनी पाणी पिऊन आपला हक्क बजावला ते तळे' म्हटले की इतिहास होतो. कोडेकाराला यासाठी फक्त अर्धी ओळ जास्त लागते.

अलीकडे मी वर्गातल्या मुलांकडून भित्तिपत्रकासाठी कोडे रचून घेतले. एका मुलीने 'हलगी' घेतली. 'ह'वरून खाली 'हक्क' उतरवला, 'गी'वरून 'गीत'. सूचना मात्र लिहिली 'एक वाद्य'. मी ती परत दिली. सनईही तीन अक्षरी, सतारही. उत्तर एक कसे निघावे? शिवाय सतारीला कुणी नुसते 'एक वाद्य' म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी तिने आणले: 'कड्यावर कातडे ताणलेले, दोन काड्यांनी वाजवायचे वाद्य'. आता ते दुसरे काही असूच शकत नव्हते.

खरा वाद झाला तो 'बलुतं'वर. सूचना होती 'दया पवारांचे १९७८ चे आत्मकथन'. भाषेचे एक सहकारी म्हणाले, प्रमाण रूप 'बलुते' आहे, मुलांना अशुद्ध शिकवू नका. मी म्हटले, गावकामाचा मोबदला विचारला असता तर तुमचे 'बलुते' घेतले असते. पुस्तकाचे नाव लेखकाने ठेवले आहे, ते तसेच लागेल. ते ऐकेनात. मग मुलांनीच चौकट दाखवली. 'तं'च्या घरातून खाली 'तंटा' उतरत होता. अनुस्वार काढून मात्रा दिली असती तर 'तेटा' झाला असता, आणि डावी बाजू पुन्हा मांडावी लागली असती. मुलांना तेवढा वेळ नव्हता. तंटा ठेवला आणि कोडे फळ्यावर लावले.