मागून मिळणारी दुरुस्ती : कुरआनाच्या पाठपरंपरेचा परिचय

यवतमाळहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे कळंब हे तालुक्याचे गाव विदर्भात ओळखले जाते ते जमिनीच्या पातळीखाली असलेल्या चिंतामणी गणेशाच्या मंदिरामुळे, आणि गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने येथे गणेशाची आराधना केली ही कथा तेथील कुंडाशी निगडित आहे. इंद्र, कदंब वृक्ष आणि चिंतामणी यांची अशीच गुंफण पुण्याजवळच्या थेऊरलाही ऐकायला मिळते, आणि दोन्हीकडच्या भाविकांना त्यात वावगे असे काही वाटत नाही. पुराणकथा स्थळाप्रमाणे वळण घेते, सांगणाऱ्याप्रमाणे लांबते किंवा आखडते, आणि या लवचीकपणामुळेच ती टिकते. कळंबसारख्या गावांतील मशिदींमध्ये रमजानच्या रात्री जो ग्रंथ तोंडपाठ म्हटला जातो, त्याचा नियम मात्र याच्या उलट आहे. त्यातील शब्द इकडचा तिकडे होऊ शकत नाही, दीर्घ स्वर आखूड होऊ शकत नाही, आणि अर्थ तोच राहतो या सबबीवर पर्यायी शब्द चालवून घेतला जात नाही. हा करडा नियम अमलात आणणारी यंत्रणा कागदाची आहे की स्मरणाची, हा प्रश्न अभ्यासकांना वारंवार पडतो. प्रत्यक्षात ती या दोहोंना एकमेकांवर पहारा करायला लावणारी यंत्रणा आहे.

मुस्लिम परंपरेनुसार कुरआनाचे अवतरण इ.स. ६१० ते ६३२ या काळात टप्प्याटप्प्याने झाले, आणि प्रेषित महंमदांच्या हयातीत ते अनुयायांच्या पाठांतरात तसेच कातडे, खजुरीच्या फांद्या, चपटी हाडे अशा मिळेल त्या साधनांवरील टिपणांत विखुरलेले होते. ६३३ च्या सुमारास यमामाच्या लढाईत अनेक पाठक मारले गेले, तेव्हा उमर यांच्या आग्रहावरून पहिले खलिफा अबू बक्र यांनी झैद इब्न साबित या लेखनिकाकडे संकलनाचे काम सोपवले, आणि झैद यांनी लेखी टिपणे व माणसांची साक्ष ही दोन्ही पडताळून पाने सिद्ध केली, असे हदीसग्रंथ, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती व आचरणाची संकलने, सांगतात. ही पाने पुढे उमर यांच्या कन्या आणि प्रेषितांच्या पत्नी हफ्सा यांच्या ताब्यात राहिली. तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात, ६५० च्या आसपास, दूरदूरच्या फौजांमध्ये पाठावरून वाद होऊ लागले, तेव्हा हफ्सांकडील पाने मागवून प्रमाण प्रती तयार करण्यात आल्या, त्या प्रमुख शहरांना पाठवल्या गेल्या आणि इतर प्रती जाळण्याचा हुकूम निघाला. हा हुकूम आधुनिक वाचकाला खटकतो, आणि तो खटकावाही. परंतु एका प्रमाण पाठावर समाज एकवटला तो या निर्णयामुळे, हेही नाकारता येत नाही.

या प्रमाण प्रतींत एक मोठी उणीव होती. त्या काळच्या अरबी लेखनात स्वरचिन्हे नव्हती आणि सारख्या आकाराच्या अक्षरांना वेगळे करणारे नुक्तेही क्वचितच दिले जात, त्यामुळे पानावर शब्दाचा केवळ सांगाडा उतरत असे आणि ज्याला तो मजकूर आधीच पाठ आहे त्यालाच तो बिनचूक वाचता येई. अशा कागदाला माणसाची गरज होती. स्वरांसाठी रंगीत ठिपके वापरण्याची पद्धत परंपरेने अबुल अस्वद अद्-दुअली यांच्या नावावर घातली आहे, तर आजच्या स्वरचिन्हांचे श्रेय आठव्या शतकातील व्याकरणकार खलील इब्न अहमद यांना दिले जाते. एका सांगाड्यावर अनेक उच्चारपरंपरा उभ्या राहू शकत होत्या आणि तशा त्या राहिल्याही. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुजाहिद यांनी त्यांपैकी ७ प्रमाण ठरवल्या आणि पंधराव्या शतकाच्या आरंभी इब्न अल्-जझरी यांनी १० मान्य केल्या. या मान्य पाठांना ‘किराअत’ म्हणतात. भारतात आणि बहुतेक मुस्लिम जगात कूफा शहरातील आसिम यांचा, त्यांचे शिष्य हफ्स यांच्याकडून आलेला पाठ चालतो, तर उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर वर्श यांचा पाठ रूढ आहे. म्हणजे पाठ एकच आहे आणि तरीही त्याच्या मान्य शाखा आहेत. श्रद्धाळू मांडणीत हा दुसरा भाग अनेकदा गाळला जातो आणि वादाच्या मांडणीत पहिला. येमेनमधील सना येथे १९७२ मध्ये सापडलेल्या जुन्या चर्मपत्रांत एक पुसून पुन्हा लिहिलेली प्रत आहे, आणि तिच्या खालच्या थरातील मजकूर प्रमाण पाठाहून काही ठिकाणी वेगळा आहे. दुसरीकडे बर्मिंगहॅम विद्यापीठातील दोन पानांच्या चामड्याचा काळ किरणोत्सर्गी कार्बनच्या चाचणीने ५६८ ते ६४५ असा निघाला आणि त्यांवरील मजकूर आजच्या पाठाशी जुळतो. प्रारंभीच्या दशकांत थोडी चलबिचल होती आणि त्यानंतर पाठ लवकर स्थिरावला, असेच या दोन पुराव्यांवरून दिसते.

विदर्भाच्या वाचकाला या इतिहासाचा काही भाग ओळखीचा वाटेल. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडे जाऊन गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे खलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि ज्यांना ती पाठ होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा लिहिली गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. पुनर्लेखनाच्या या खटपटीत हिराइसेचे नाव आदराने घेतले जाते. यमामानंतरची पाने सांभाळणारी हफ्सा आणि लीळाचरित्र कंठात सांभाळणारी हिराइसा या दोन स्त्रियांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण ग्रंथरक्षणाचा इतिहास पुरुषांच्या नावांनी भरलेला असताना त्यांची आठवण राहावी, हे बरे. येथून मात्र दोन परंपरांच्या वाटा वेगळ्या होतात. लीळाचरित्र वेगवेगळ्या स्मरणांतून लिहिले गेल्यामुळे त्याचे अनेक पाठ झाले आणि पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत बंदिस्त केले. कुरआनाचा पाठ उघड्यावर, रोजच्या नमाजमध्ये, कोणीही ऐकावा असा म्हटला जात राहिला. वैदिकांनी तिसरा मार्ग घेतला. जटा आणि घन अशा विकृतींमध्ये शब्द पुढेमागे उलटसुलट फिरवून म्हणायचे, म्हणजे एखादा शब्द निसटला तर साखळीच अडते, ही त्यांची योजना पाठकाच्या स्वतःच्या तोंडातच तपासनीस बसवते. कुरआनाच्या पाठकाला शब्दांची अशी फिरवाफिरव करता येत नाही, आणि म्हणून त्याचा तपासनीस बाहेर, दुसऱ्या माणसात ठेवावा लागतो.

हा दुसरा माणूस प्रथम भेटतो तो उस्ताद म्हणून. गावच्या मकतबमध्ये, म्हणजे मशिदीला जोडून चालणाऱ्या प्राथमिक वर्गात, मूल आधी नूरानी कायद्यासारख्या अंकलिपीवरून अक्षरे आणि त्यांची उच्चारस्थाने शिकते, मग पाहून वाचायला लागते, ज्याला ‘नाझिरा’ म्हणतात. त्यातली थोडीच मुले पुढे हिफ्ज, म्हणजे संपूर्ण पाठांतर, करण्यासाठी बहुधा निवासी मदरशात जातात. ग्रंथाचा पसारा ११४ सूरा म्हणजे अध्याय, सहा हजारांहून अधिक आयती म्हणजे वचने, आणि पठणाच्या सोयीसाठी पाडलेले ३० पारे म्हणजे भाग एवढा असून तो मुखोद्गत करायला साधारण दोन ते चार वर्षे लागतात. मुलाचा दिवस तीन कामांत विभागलेला असतो: ‘सबक’ म्हणजे आजचा नवा धडा, ‘सबकी’ म्हणजे गेल्या काही दिवसांतला ताजा भाग, आणि ‘आमोख्ता’ म्हणजे मागे पाठ झालेल्या पाऱ्यांची उजळणी. लाकडी रिहलवर प्रत उघडी ठेवून, डोलत, मोठ्याने घोकणारी मुले बाहेरच्या माणसाला केवळ गोंगाट वाटतात. उस्ताद मात्र त्या गोंगाटातून समोर बसलेल्या मुलाची एक चूक वेगळी काढतो आणि त्याच्याच प्रतीत त्या शब्दाखाली पेन्सिलीने खूण करतो, जेणेकरून पुढच्या वेळी डोळा तेथे अडखळावा. नव्या धड्यापेक्षा आमोख्ता अवघड असतो. पाठ झालेला कुरआन दावणीचा उंट आहे, लक्ष काढले की तो दावे सोडून जातो, अशा आशयाची हदीस प्रत्येक हाफिजाला, म्हणजे संपूर्ण कुरआन पाठ असलेल्याला, माहीत असते आणि तिचा अनुभवही असतो.

पाठांतरातला खरा धोका सारख्या आयतींचा, ज्यांना ‘मुतशाबिहात’ म्हणतात. इस्राएलच्या वंशजांना नगरात प्रवेश करण्याची आज्ञा झाल्याचा प्रसंग दुसऱ्या सूरेत आहे आणि सातव्या सूरेतही आहे. दुसऱ्या सूरेत आधी दारातून नमून जाण्याची आणि नंतर क्षमायाचनेचा शब्द उच्चारण्याची आज्ञा येते, तर सातव्या सूरेत हाच क्रम उलटा आहे. हाफिजाची जीभ येथे घसरली तर अर्थात फारसा फरक पडत नाही, पण तो एका सूरेतून नकळत दुसऱ्या सूरेत शिरतो आणि काही आयतींनंतर आपण कोठे आहोत हे त्याला उमगत नाही. या सापळ्यांवरचा एक उपाय छापखान्याने दिला. उपखंडात ‘हाफिजी’ म्हणून चालणाऱ्या प्रतीत प्रत्येक पानावर १५ ओळी असतात, पारा सर्वसाधारणपणे २० पानांचा असतो आणि प्रत्येक पान आयतीच्या शेवटावरच संपते, त्यामुळे शब्दांबरोबर पानावरची त्यांची जागाही स्मरणात बसते. म्हणूनच हिफ्ज करणाऱ्याने प्रत बदलू नये असा दंडक आहे. दुसऱ्या मांडणीची प्रत हाती आली की पाठ असलेला मजकूरही अनोळखी वाटू लागतो.

वर्षभर उस्तादापुढे चालणारी ही तपासणी रमजानमध्ये सार्वजनिक होते. रात्रीच्या इशा नमाजनंतर तरावीहची नमाज होते, जी भारतातील बहुतेक मशिदींत २० रकातींची, म्हणजे आवर्तनांची, असते, आणि तिच्यात इमामपदी उभा असलेला हाफिज रोज सुमारे सव्वा पारा म्हणत, बहुधा सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत, सगळा ग्रंथ पूर्ण करतो. त्याच्या हाती प्रत नसते. त्याच्या मागे पहिल्या रांगेत दुसरा हाफिज उभा असतो, ज्याला ‘सामे’ म्हणतात आणि ज्याचे काम केवळ ऐकणे हे असते. इमाम अडखळला तर तो आयत पुन्हा पहिल्यापासून धरतो; तरीही वाट सापडली नाही किंवा चूक त्याच्या लक्षातच आली नाही, तर सामे मागूनच योग्य शब्द उच्चारतो. याला ‘लुकमा देणे’ म्हणतात. इमामाने तो शब्द उचलायचा, पाठ दुरुस्त करायचा आणि पुढे जायचे; नमाज मोडत नाही. एरवी नमाजमध्ये बोललेला शब्द नमाज बाद करतो, हे लक्षात घेतले म्हणजे या एका सवलतीचे मोल कळते. इमामाचे वय, विद्वत्ता किंवा दरारा येथे कामाला येत नाही. पंधरा वर्षांचा सामे साठीच्या कारीला, म्हणजे उच्चारशास्त्र जाणणाऱ्या पाठकाला, सर्वांसमक्ष टोकू शकतो आणि त्याने टोकलेच पाहिजे. हजारो गावांत एकाच महिन्यात होणारी ही उजळणी हाच या परंपरेचा कणा आहे, आणि हस्तलिखितांच्या संग्रहालयांकडे पाहून कुरआनाच्या जतनाविषयी लिहिणाऱ्यांकडून नेमका तोच निसटतो.

महाराष्ट्राच्या भूमीवर लेखणीची बाजूही मोठी आहे. खुलताबादला ज्याची साधी कबर आहे त्या औरंगजेबाने गादीवर आल्यानंतर कुरआन पाठ केला आणि स्वहस्ते प्रतीही लिहिल्या, असे त्याच्या काळाचे इतिहासग्रंथ नोंदवतात. एकोणिसाव्या शतकात शिळाछाप आला आणि मुंबई, लखनौ, कानपूरच्या छापखान्यांतून स्वस्त प्रती घरोघर पोहोचल्या. युरोपात सोळाव्या शतकात व्हेनिसला खिळ्यांनी छापलेला कुरआन चुकांनी भरलेला निघाला होता. शिळाछापात कातिबाचे, म्हणजे सुलेखनकाराचे, अक्षर जसेच्या तसे उतरत असल्याने मुस्लिम वाचकांचा त्यावर विश्वास बसला. तरीही छापील प्रत हाफिजांनी तपासल्याचे प्रमाणपत्र तिच्या शेवटी जोडण्याचा प्रघात पडला, आणि जो कागद पाठकाची चूक दाखवतो त्या कागदाची चूक पाठक दाखवू लागला.

या व्यवस्थेवरचे आक्षेप नवे नाहीत. मराठी, उर्दू किंवा दखनी बोलणारे मूल हजारो आयती पाठ करते तेव्हा त्यातील फारच थोड्यांचा अर्थ त्याला कळतो, आणि हिफ्जची वर्षे शाळेच्या ऐन वयात येतात. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने औपचारिक विषय न शिकवणाऱ्या मदरशांतील मुलांना शाळाबाह्य मानण्याचे ठरवले तेव्हा मोठा वाद झाला. त्यापूर्वीच राज्यात मदरशांच्या आधुनिकीकरणासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या नावाची योजना सुरू झालेली होती. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा येथे गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये स्थापन केलेल्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम या संस्थेने हिफ्जच्या वर्गांबरोबर शाळा, तंत्रशिक्षण आणि पुढे वैद्यकीय महाविद्यालयही उभे केले, आणि हा मार्ग शासनाच्या व्याख्यांपेक्षा अधिक उपयोगी ठरला, असे म्हणायला जागा आहे. अर्थाची बाजू अनुवादांनी उचलली. इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्टने कुरआन मराठीत आणला. त्याआधी कळंबच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात अरबी शिकलेल्या विनोबा भावे यांनी, मूळ उच्चारांसह कुरआन वाचून, निवडक आयतींचा ‘कुराण-सार’ १९६२ मध्ये सिद्ध केला होता. परंपरेच्या दृष्टीने अनुवाद हा अर्थाचा ग्रंथ असतो, पाठाचा नव्हे. नमाजमध्ये त्याला स्थान नाही.

जीर्ण प्रतींची विल्हेवाट हाही या व्यवस्थेचाच भाग आहे. फाटलेली पाने ‘शहीद’ झाली असे म्हणतात. ती रद्दीत जात नाहीत, मशिदीतील पेटीत साठवली जातात आणि नंतर स्वच्छ जागी पुरली जातात किंवा खोल पाण्यात सोडली जातात. अलीकडे मोबाइलवरील ॲपमध्ये १५ ओळींचे तेच पान दिसते, नामवंत कारींचे पठण ऐकू येते आणि काही ॲप पाठकाचा आवाज ऐकून चूकही दाखवतात, त्यामुळे एकट्याने उजळणी करणाऱ्या हाफिजाची मोठी सोय झाली आहे. पाठ शिकवण्याची सनद मात्र आजही उस्तादाला सगळा ग्रंथ तोंडी ऐकवल्यावरच मिळते, आणि तिच्यात त्या उस्तादाचा उस्ताद, त्याचा उस्ताद अशी नावे मागे मागे जात आसिम आणि हफ्स यांच्यापर्यंत व तेथून प्रेषितांपर्यंत लिहिलेली असतात.