क्यूरी कुटुंबाची घरशाळा

शिक्षण म्हटलें कीं शाळा डोळ्यांपुढें येते, आणि शाळा म्हटली कीं घंटा, बांक, फळा आणि वार्षिक परीक्षा. हा क्रम सुशिक्षित कुटुंबांच्या मनांत इतका रुजला आहे कीं, मूल घरीं राहूनहि पद्धतशीर शिकूं शकेल ही कल्पना प्रथम ऐकतां कानाला खटकते. घरीं शिकणारें मूल एक तर लाडावलेलें असावें, नाहीं तर आजारी, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिस शहरांत कांहीं कुटुंबांनीं आपलीं मुलें जाणूनबुजून शाळेबाहेर ठेवलीं आणि रोजच्या वापरांतील वस्तूंच्या साह्यानें त्यांना शास्त्राचे पाठ दिले. त्या प्रयोगाच्या केंद्रस्थानीं रेडियमचा शोध लावणाऱ्या मादाम मेरी क्यूरी होत्या, म्हणून त्याची हकीगत टिकून राहिली. ती नीट समजून घेतली असतां, घर मुलाला काय देऊं शकतें आणि काय देऊं शकत नाहीं, या दोन्ही प्रश्नांवर बराच प्रकाश पडतो.

क्यूरी घराण्याला गृहशिक्षण नवें नव्हतें. मेरीचे पति पिएर क्यूरी यांचा जन्म १८५९ सालचा. लहानपणीं ते कधीं शाळेंत गेलेच नाहींत. त्यांची बुद्धि सावकाश पण खोल चालणारी होती. एका विषयांत मन बुडालें म्हणजे तें तेथून काढून दुसरीकडे वळविणें त्यांना जड जाई. हें ओळखून त्यांचे वडील डॉक्टर यूजीन क्यूरी यांनीं त्यांना घरींच ठेवलें. आईवडील व थोरला भाऊ झाक यांनीं त्यांना शिकविलें. पुढें एका खासगी शिक्षकानें गणिताची गोडी लावली. आणि वनस्पति व प्राणी यांची ओळख रानावनांतील भटकंतींत झाली. असा हा शाळा न पाहिलेला मुलगा अठराव्या वर्षीं विज्ञानाचा पदवीधर झाला. मेरीचे वडील वॉर्सा येथें गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांच्या घरांतील कांचेच्या कपाटांत मांडलेलीं उपकरणें पाहत पाहत ती वाढली होती.

१९ एप्रिल १९०६ रोजीं पिएर पॅरिसच्या रस्त्यांत मालवाहू घोडागाडीखालीं सांपडून मृत्यु पावले. त्या वेळीं थोरली मुलगी इरेन आठ वर्षांची होती, आणि धाकटी ईव्ह दीड वर्षाचीहि झाली नव्हती. सोरबोन विद्यापीठांत पतीच्या जागीं अध्यापन, प्रयोगशाळेचा भार आणि दोन मुलींचें संगोपन, असें तिहेरी ओझें त्या विधवेच्या शिरावर आलें. अशा स्थितींत कोणीहि मुलीला निमूटपणें जवळच्या शाळेंत घातलें असतें. मादाम क्यूरींनीं तसें केलें नाहीं.

तत्कालीन फ्रेंच शाळांविषयीं त्यांचें मत फार कडवट होतें. ज्या वयांत अंगांत धांवण्याची उमेद असते, त्या वयांत मुलांना कोंदट वर्गांत दिवसाचे अनेक तास बसवून ठेवणें त्यांना अघोरी वाटे. अशा शाळांत कोंडण्यापेक्षां मुलांना पाण्यांत बुडविलेलें बरें, येथपर्यंत एका पत्रांत त्यांची लेखणी गेली. कायद्याची आडकाठी नव्हती. १८८२ च्या कायद्यानें फ्रान्समध्यें सहा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचें झालें होतें; पण सक्ती शिक्षणाची होती, शाळेची नव्हती, आणि तें शिक्षण घरींहि देतां येई. ही मोकळीक पुढें जवळजवळ एकशें चाळीस वर्षें टिकली. २०२१ च्या कायद्यानें ती आकुंचित झाली आणि २०२२ पासून तेथें मुलाला घरीं शिकविण्यास सरकारी परवानगी आवश्यक ठरली.

१९०७ च्या सुमारास मादाम क्यूरी व त्यांचे सहाध्यापक मित्र यांनीं मिळून एक सहकारी व्यवस्था उभी केली. मुलें सुमारें दहा. शिक्षक म्हणजे त्यांचेच आईबाप. रसायनशास्त्र झां पेरां यांच्याकडे, गणित पॉल लांजव्हें यांच्याकडे, पदार्थविज्ञान मादाम क्यूरींकडे. वाङ्मय, इतिहास, परकीय भाषा, सृष्टिज्ञान, चित्रकला व मातीकाम हे विषय सौ. पेरां, सौ. शाव्हान, प्राध्यापक मूतां आणि माग्रू नांवाचे एक शिल्पकार यांनीं वांटून घेतले. दिवसाला पाठ एकच. एके दिवशीं ही फौज सोरबोनच्या रसायनशाळेंत शिरे, तर दुसऱ्या दिवशीं गणितासाठीं फोंतने-ओ-रोझ या उपनगरांत जाई. बाकीचा वेळ खेळ, व्यायाम व हस्तकौशल्य यांसाठीं मोकळा असे.

गुरुवारची दुपार पदार्थविज्ञानाची. त्या दिवशीं मादाम क्यूरी जे प्रयोग करवून घेत, त्यांतील साहित्य पाहिलें तर मौज वाटते. सायकलच्या चाकांत असते तशी एक पोलादी गोळी शाईंत बुडवून उतरत्या फळीवर आडवी सोडावयाची. गोळी घरंगळते आणि मागें शाईची एक सुबक वक्र रेषा ठेवून जाते. हीच ती परवलयाची आकृति. आडव्या दिशेनें गोळी समान काळांत समान अंतर कापते. पण उताराच्या दिशेनें तिचा वेग सारखा वाढत जातो. पहिल्या क्षणांत ती जेवढी उतरते, त्याच्या तिप्पट दुसऱ्या क्षणांत, पांचपट तिसऱ्या क्षणांत. या दोन गतींच्या मिलाफानें रेषा वांकते. गॅलिलिओनें मांडलेला पतनाचा नियम मूल येथें फूटपट्टी लावून स्वतः मोजूं शकतें.

दुसऱ्या एका प्रयोगांत घड्याळाच्या आंदोलनांची नोंद काजळी धरलेल्या कागदावर उमटविली जाई. मुलांनीं उष्णतामापक यंत्रहि स्वतः बनविलें. तें वितळत्या बर्फांत ठेवून शून्याची खूण करावयाची, उकळत्या पाण्याच्या वाफेंत धरून शंभराची, आणि मधल्या अंतराचे शंभर समान भाग पाडावयाचे, अशी या आंखणीची रीत. तें घरगुती यंत्र बाजारांतील शास्त्रशुद्ध यंत्राशीं जुळलें, तेव्हां त्या चिमुकल्या कारागिरांच्या अभिमानाला पारावार राहिला नाहीं. यंत्रावरील आंकडा हा कोणा मोठ्या माणसाचा हुकूम नसून मोजून ठरविलेली गोष्ट आहे, हें त्यांना कोणीं निराळें समजावून सांगण्याची गरज उरली नाहीं.

या पाठांची आणखी एक साक्ष उपलब्ध आहे. चिनी विद्येचे पंडित एदुआर शाव्हान यांची कन्या इझाबेल ही या मुलांपैकींच एक. तिनें १९०७ सालीं मादाम क्यूरींचे पाठ वहींत उतरून ठेवले होते. ती वही घरांत पडून राहिली आणि २००३ सालीं पॅरिसमध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. पोकळी व हवा यांत फरक कसा ओळखावा, हवेला वजन असतें काय, शहरांतील नळाला पाणी कसें येतें, वातभारमापक कसा बनवावा, वेड्यावांकड्या वस्तूचें विशिष्ट गुरुत्व कसें काढावें, होडी कां तरंगते, असे त्यांतील प्रश्न. प्रत्येक प्रश्न घरांतून उचललेला, आणि प्रत्येकाचें उत्तर हातानें करून पाहिलेलें.

विशिष्ट गुरुत्वाचा घरगुती दाखला म्हणजे अंडें. ताजें अंडें साध्या पाण्यांत तळाशीं बसतें, कारण तें पाण्यापेक्षां थोडें जड असतें. पाण्यांत मीठ विरघळवीत गेलें तर पाणीच जड होत जातें आणि तेंच अंडें वर येतें. शिळ्या अंड्याच्या कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून आंतील ओलावा उडून जातो व त्याची जागा हवा घेते. म्हणून फार जुनें अंडें साध्या पाण्यावरहि तरंगतें. स्वयंपाकघरांतील ही परीक्षा आणि आर्किमिडीजचा सिद्धान्त या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. परंतु शाळेंत सिद्धान्त पाठ होतो, घरांत अंडें पारखलें जातें, आणि दोहोंची गांठ क्वचितच पडते.

एकदां मादाम क्यूरींनीं मुलांना विचारलें कीं, भांड्यांतील उकळता द्रव थंड होऊं नये म्हणून काय करावें? शास्त्रज्ञांचींच मुलें तीं! कोणीं भांडें लोकरींत गुंडाळण्यास सांगितलें, तर कोणीं उष्णतारोधनाच्या याहून नाजुक, पण घरीं न जमणाऱ्या युक्त्या काढल्या. मादाम क्यूरी हंसल्या आणि म्हणाल्या कीं, आपण तर प्रथम भांड्यावर झांकण ठेवूं. कोणत्याहि गृहिणीला जें ठाऊक असतें, तें या विद्वान बालकांना सुचलें नव्हतें. उत्तर साधें असलें तरी त्यामागचें कारण खोल आहे. शून्य अंशावरील एक ग्रॅम पाणी शंभर अंशांपर्यंत तापविण्यास शंभर उष्मांक पुरतात. पण त्या शंभर अंशांवरील पाण्याची वाफ करण्यास सुमारें ५४० उष्मांक लागतात. म्हणजे उघड्या भांड्यांतून एक ग्रॅम वाफ निसटली कीं, ती चोपन्न ग्रॅम पाणी दहा अंशांनीं निववील एवढी उष्णता घेऊन जाते. बाहेरून कितीहि लोकर गुंडाळली तरी तोंड उघडें असेल तर ही गळती थांबत नाहीं.

या मोकळ्या शिक्षणांत शिस्त नव्हती असें मात्र नव्हे. तोंडी हिशेबांत चूक होतां कामा नये, आणि त्यासाठीं घाई करूं नये, असा मादाम क्यूरींचा आग्रह असे. विद्युत्-घट मांडतांना कोणीं मेज घाण केलें आणि ‘मागाहून पुसतों’ म्हटलें, तर तें खपत नसे. प्रयोग चालूं असतांच मेज स्वच्छ राहिलें पाहिजे. स्वातंत्र्य विषयांच्या निवडींत व वेळेंत होतें. कामाच्या काटेकोरपणांत सूट नव्हती.

पाठ संपला म्हणून शिकणें संपत नसे. १९०७ सालीं हें कुटुंब सो या उपनगरांत राहावयास गेलें. तेथें बागेंत मुलींना स्वतःचे वाफे होते, झोपाळ्याचे व कसरतीचे दांडे होते, आणि पायीं फिरणें, सायकल, शिवण, स्वयंपाक, मातीकाम यांचा नित्य परिपाठ होता. सकाळचा एक तास बौद्धिक किंवा हातच्या कामाला दिलेला असे. पोलिश दायांमुळें आईची भाषा मुलींच्या कानीं पडत राहिली. नास्तिक पण प्रेमळ आजोबा डॉक्टर यूजीन क्यूरी यांनीं १९१० मध्यें मृत्यु येईपर्यंत इरेनला वाङ्मयाची व सृष्टीची गोडी लावली. पुढें आई परगांवीं असे तेव्हां ती टपालानें गणितें पाठवी आणि मुलगी उत्तरें लिहून धाडी.

या धाडसाची पॅरिसमध्यें टवाळीहि झाली. धड लिहूं-वाचूं न शकणारीं मुलें प्रयोगशाळांत धुडगूस घालीत आहेत आणि विद्यापीठाची इमारत अजून उडाली नाहीं हें नवल, अशा आशयाचें एका वृत्तपत्रानें लिहिलें. परंतु ही व्यवस्था मोडली ती टीकेमुळें नव्हे. दोन वर्षांनीं संशोधनाचा व्याप वाढल्यामुळें आईबापांना वेळ उरेना, आणि मुलांनाहि ठराविक अभ्यासक्रमाच्या सरकारी परीक्षांची तयारी करणें भाग होतें. इरेनला कॉलेज सेव्हिन्ये या खासगी शाळेंत घालण्यांत आलें. तेथेंहि अभ्यासाचे तास कमी असावेत, एवढी काळजी आईनें घेतली.

फळावरून झाडाची परीक्षा करावयाची म्हटलें, तर फळें लोकविलक्षण दिसतात. इरेनला १९३५ सालीं पति फ्रेदेरिक झोल्यो यांच्यासह रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पेरां यांचा मुलगा फ्रान्सिस नामांकित पदार्थवैज्ञानिक झाला आणि १९५१ पासून १९७० पर्यंत फ्रान्सच्या अणुशक्तिमंडळाचा उच्चायुक्त होता. परंतु याचें श्रेय दोन वर्षांच्या पाठांना देणें सयुक्तिक होणार नाहीं. ज्यांच्या घरीं जेवणाच्या मेजावरच विज्ञानाची चर्चा चाले, तीं मुलें कोणत्याहि शाळेंत पुढें आलीं असतीं, असें म्हणणाराला खोडून काढणें कठीण आहे. शिवाय एका लहान पाठासाठीं विद्यापीठाचा प्राध्यापक, रिकामी प्रयोगशाळा आणि मुलांना खाऊ आणून देणारी मोलकरीण, हें भाग्य कितींच्या वांट्याला येतें? ज्या घरांतील आईबाप दिवसभर राबून थकून येतात, त्यांना शाळा ही कोंडी नसून आधार असते. दहा मुलांच्या सोयीसाठीं लाखो मुलांची शाळा टाकाऊ ठरवितां येत नाहीं.

तरीहि या प्रयोगांतील जें सार, त्याला पैसा किंवा पदवी लागत नाहीं. पोलादी गोळी, काजळीचा कागद, मीठ, अंडें, झांकण, नळ या वस्तूंना मोल असें जवळजवळ नाहींच. लागतो तो मोठ्या माणसाचा एक मोकळा तास, आणि उत्तर आधीं न सांगण्याचा संयम. आणि हा संयमच अधिक दुर्मिळ. मुलानें विचारलेल्या प्रश्नाला ‘पुढें शिकशील’ म्हणून टोलविण्याऐवजीं ‘चल, करून पाहूं’ असें म्हणणें प्रत्येक घराला शक्य आहे. शेजारच्या दोन-चार कुटुंबांनीं आपापलें कसब वांटून घेतलें, म्हणजे कोणीं हिशेब, कोणीं शिवण, कोणीं बागकाम, कोणीं गाणें शिकविलें, तर सहकाराचें तेंच तत्त्व शाळेच्या जोडीनें चालूं शकतें. शाळा मुलाला पुष्कळ मुलांत राहावयास शिकविते, परीक्षेस बसविते, समाजाशीं जोडते. पण पाठ्यपुस्तकांतील वाक्य आणि चुलीवरील भांडें यांची ओळख करून देण्याचें काम घराचें आहे, आणि तें दुसऱ्या कोणावर सोंपवितां येणार नाहीं.