भिंत, वेग आणि पादचारी : पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील पथचित्रे

नगरातील भित्तिचित्रांचा विचार करताना चित्रकार कोण व विषय कोणता, हे प्रश्न सहसा प्रथम विचारले जातात. प्रेक्षक कोणत्या वेगाने जातो, हा प्रश्न मात्र मागे राहतो. औद्योगिक पट्ट्यात तो टाळून चालत नाही.

साधा हिशेब पाहावा. तीस मीटर लांबीच्या कुंपणभिंतीवरून ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तीन सेकंदांच्या आत पुढे निघून जाते; ताशी साडेचार किलोमीटर चालणाऱ्यास तेवढ्याच अंतरास २४ सेकंद लागतात. म्हणून मोठ्या रस्त्यालगतच्या भिंतींवर ठळक आकृती, सपाट रंग व दोन-चार शब्दांची घोषणा एवढेच टिकाव धरते. मुंबईत वांद्रे येथे दूरध्वनी निगमाच्या इमारतीवर २०१४ साली रेखाटलेले दादासाहेब फाळके ह्यांचे प्रचंड चित्रही मुख्यतः दुरूनच पाहावयाचे आहे. उलट जुन्या गावठाणाच्या बोळातील दुकानाची हाताने रंगविलेली पाटी, तालमीच्या दारावरील मारुती, ह्या गोष्टी पायी हिंडणाऱ्याखेरीज कोणास सापडत नाहीत. चाकणच्या उद्योगवसाहतीतील रस्ते अवजड वाहनांसाठी आखलेले असल्यामुळे तेथे पायी हिंडणे फारसे सुखाचे नाही, हेही खरे.

तरीही ह्या भूप्रदेशाची चालण्याची परंपरा कारखान्यांहून कितीतरी जुनी आहे. देहूहून निघणारी तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरी मुक्काम करते, आणि निगडीचे भक्ति-शक्ति शिल्प त्याच मार्गावर उभे आहे. चिंचवडमध्ये चापेकर बंधूंचे समूहशिल्प आहे. ह्या शासनमान्य कलाकृती होत. त्यांना शोधावे लागत नाही.

शोधाचा खरा विषय भिंतीच. २०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यावर देशभरच्या नगरपालिका व महानगरपालिकांनी भिंती रंगवून घेतल्या, आणि त्यांवर वारली धाटणीच्या आकृती जागोजाग दिसू लागल्या. ह्या आवडीचे कारण काही अंशी व्यावहारिक असावे. दोन त्रिकोण व एक वर्तुळ जोडले की मनुष्याकृती सिद्ध होते. रंग एक पुरतो. काम झपाट्याने उरकते. परंतु मूळ वारली चौक गेरूने वा शेणाने सारवलेल्या घराच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, लग्नासाठी काढला जातो, आणि त्याच्या मध्यभागी पालघाट देवी असते. कारखान्याच्या कुंपणावर नाच येतो, देवी येत नाही. ह्यास केवळ अलंकरण म्हणावे लागेल. त्यात वाईट काही नाही, पण त्यास लोककलेचे पुनरुज्जीवन म्हणणे अतिशयोक्ती होय.

ह्याहून अभ्यासनीय आहे तो रंगाच्या पापुद्र्यांखालील थर. चुना उडालेल्या ठिकाणी जुन्या जाहिरातींची अक्षरे डोकावतात आणि त्यांचा काळ ठरविता येतो. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० साली स्थापन झाली व १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. तेव्हा येथील एखाद्या भिंतीवर ‘नगरपालिका’ हा शब्द आढळल्यास लेख बहुधा त्या बारा वर्षांतील समजावा. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. तिचे नाव असलेली पाटी त्यापूर्वीची. शिलालेखाच्या अभ्यासकास ही रीत परकी वाटू नये.

ही अक्षरे लिहिणारा पेंटर मात्र आता विरळ झाला आहे. संगणकावर छापलेल्या फ्लेक्सने त्याचे काम घेतले. त्याच्या हातचे अक्षर मालवाहू ट्रकांच्या पाठीवर काहीसे टिकून होते. परंतु तेथेही ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ साली मनाई केली, कारण त्यामुळे विनाकारण भोंगे वाजविण्यास उत्तेजन मिळते असे मानले गेले. भिंतींसाठी १९९५ चा मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा आहेच. अनुज्ञेखेरीज काढलेले चित्र विद्रूपण आणि अनुज्ञेने काढलेले ते सुशोभन, हा भेद कायद्यापुरता पुरेसा आहे. क्षेत्राभ्यास करणाऱ्याने मात्र दोहोंची नोंद सारख्याच दक्षतेने करावी : स्थळ, भिंतीचे मोजमाप, रंगाचे थर व पाहिल्याची तारीख. पुढील पावसाळ्यानंतर तीच भिंत पुन्हा पांढरी झालेली असू शकते.