खारेपाटाचे मीठ, वालाची ओल

पेण किंवा रोहा तालुक्यातला कुठलाही सातबारा उघडून बघा. गट क्रमांक आणि भोगवटादाराच्या नावाजवळ क्षेत्राचा तक्ता असतो. जिरायत, बागायत, तरी, वरकस. जिरायत म्हणजे पावसावर पिकणारी, बागायत ओलिताखालची, तरी म्हणजे पाणी साचवून भात लावायची, वरकस म्हणजे पाणी न थांबणारी, नाचणी-वरीची उताराची जमीन. दगड काळा आहे की जांभा, मातीचा रंग काय, तिच्यात लोह किती, याबद्दल हा तक्ता चकार शब्द काढत नाही. जमिनीत पाणी किती आणि कधी असते, एवढ्यावरच त्याने तिची जात ठरवून टाकली आहे. फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ गेल्या काही दशकांत जवळजवळ याच मुक्कामाला येऊन पोहोचले आहेत.

जमिनीच्या तुकड्या-तुकड्याला नाव आणि दर्जा देण्यात बरगंडीचा हात धरणारे कोणी नाही. दिजाँ शहरापासून दक्षिणेला साधारण पन्नास-साठ किलोमीटर लांबीची, बहुतेक ठिकाणी दोन किलोमीटरही रुंद नसलेली पूर्वाभिमुख टेकड्यांची एक पट्टी आहे. चुनखडी आणि चिकणमातीमिश्रित चुन्याच्या थरांवरच्या या पट्टीतले मळे ‘क्लिमा’ नावाच्या तुकड्यांत वाटलेले आहेत. 2015 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले तेव्हा त्यांची संख्या 1,247 होती. त्यांतला सर्वांत गाजलेला रोमाने-काँती जेमतेम साडेचार एकरांचा! 1935 च्या कायद्यानंतर कोणत्या बाटलीवर कोणत्या गावाचे, कोणत्या मळ्याचे नाव लिहायचे हे सरकारी नियमांनी ठरते. मळ्याचा मान इतका की गावांनीच मळ्यांची नावे आपल्याला जोडून घेतली. जेव्हरे हे गाव 1847 मध्ये जेव्हरे-शांबेर्तँ झाले, ते शेजारच्या शांबेर्तँ मळ्यामुळे.

या पट्टीचा आडवा छेद घेतला तर मान कुठे आहे ते लगेच कळते. माथ्यावर माती पातळ आणि वारा थंड. पायथ्याला माती खोल, चिकण आणि ओली. तिथली दारू साधी. सर्वांत महागडे मळे मधल्या उतारावर. सिस्टर्शियन साधूंनी भिंत घातलेला क्लो द व्हुजो हा पन्नास हेक्टरांचा मळा कागदोपत्री सगळाच अव्वल दर्जाचा आहे, पण जाणकार विकत घेताना वरचा भाग की रस्त्यालगतचा खालचा, हे आधी विचारतात. साधू माती चाखून मळे निवडत, अशी एक दंतकथा आहे. ती खरी असेल तर बिचाऱ्यांनी नको त्या गोष्टीची चव घेतली.

कारण दारूत उतरते ती खडकाची चव, हा समज आता टिकत नाही. बरगंडीच्याच शाब्ली भागातल्या मातीत ज्युरासिक काळातल्या इवल्याशा कालवांचे जीवाश्म खच्चून भरले आहेत आणि तिथल्या पांढऱ्या दारूत शिंपल्यांची चव लागते असे सांगणारे पैशाला पासरी भेटतात. वेल्समधले भूशास्त्रज्ञ अॅलेक्स मॉल्टमन यांनी या समजाची चांगलीच झाडाझडती घेतली आहे. खडकाला स्वतःची चव जवळपास नसते. वेल मुळांवाटे शोषते ती पाण्यात विरघळलेली मूलद्रव्ये, आणि दारूत त्यांचे प्रमाण जिभेला कळणार नाही इतके कमी असते. त्याआधीच बोर्दो विद्यापीठातल्या जेरार सेगँ यांनी तिथल्या नामवंत मळ्यांच्या माती तपासल्या होत्या. कुठे गोट्यांची भर, कुठे चुनखडी, कुठे घट्ट चिकणमाती. रसायनात मेळ बसेना. समान निघाली ती एकच गोष्ट: वेलीला पाणी बेताने आणि सावकाश मिळत होते. फळ पिकू लागण्याच्या सुमारास पाण्याची किंचित ओढ बसली की कोंबांची वाढ थांबते, मणी लहान राहतात, रसाच्या मानाने साल जास्त होते, आणि रंग व सुगंध सालीत असतात.

आपल्याकडे याचा ढळढळीत पुरावा सह्याद्रीनेच मांडून ठेवला आहे. नाशिकचा द्राक्षपट्टा आणि रोहा एकाच दगडावर बसले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तो काळा बेसॉल्ट. पण घाटाच्या पूर्वेला निफाड-दिंडोरीकडे पाऊस थोडका आणि हिवाळा कोरडा. तिथे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी असे चक्र बसले. घाटाखाली रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. एवढ्या दमटपणात केवडा रोग द्राक्षाच्या पानाला सोडत नाही. म्हणून कोकणात द्राक्षमळे नाहीत, आणि त्याचे दुःख करायचे कारणही नाही. इथल्या पाण्याने दुसरी पिके घडवली. त्यांतली दोन गावागणिक वेगळी आहेत.

पहिले पीक पेणच्या पश्चिमेला, खारेपाटात. वाशी, वढाव, शिर्की, बोर्झे, मसद, काळेश्री ही गावे धरमतरच्या खाडीलगतची. बऱ्याच ठिकाणी शेत आणि उधाणाचे पाणी यांच्यामध्ये असतो फक्त मातीचा बांध. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. त्या पाण्याला अडवायला बांध आणि आतले पावसाचे पाणी बाहेर काढायला उघाडी. उघाडीच्या तोंडाला बाहेरच्या बाजूने झडप असते. भरतीचा दाब आला की ती आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. ना वीज, ना मोटर.

बांधाच्या आतली माती मूळची खाडीतळाचीच. मीठ तिच्यात मुरलेले आहे आणि दरवर्षी ते वर-खाली प्रवास करते. फाल्गुन-चैत्रात जमीन तापली की खालचे खारे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, पाणी उडून जाते आणि भेगाळलेल्या ढेकळांवर पांढरी खपली उरते. मग पावसाळा येतो. तीन हजार मिलिमीटर म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे तीन लाख लिटर गोडे पाणी. ते मीठ विरघळवून खाली रेटते आणि उघाडीतून बाहेर नेते. माती धुऊन निघाली की भाताला चार महिन्यांची संधी मिळते. पाऊस रेंगाळला, मध्येच खंड पडला किंवा लवकर उलगडला की मीठ परत वर येऊ लागते. भात नेमका रोपाच्या वयात आणि फुलोऱ्यात मिठाला सर्वांत हळवा असतो, आणि हंगामाच्या याच दोन टोकांना पावसाचा भरवसा कमी.

खारेपाटातल्या शेतकऱ्याने यावर काढलेला तोडगा म्हणजे रहू. रोपे उपटून दुसरीकडे लावण्याऐवजी मोड आलेले बी थेट चिखलात फेकायचे, पहिल्या पावसांनी मीठ खाली गेल्यावर. बीही निवडक. काळा रता, भुरा रता हे लाल दाण्याचे जुने खारे भात. सोडियम आत शिरू द्यायचा नाही, शिरलाच तर कोवळ्या पानांपर्यंत पोहोचू द्यायचा नाही, हे मीठ सोसणाऱ्या भातांचे कसब. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-1, 2 आणि 3 या जाती याच जमिनींसाठी दिल्या. केरळात खाजणातल्या पोक्काळी तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. खारेपाटाचा लाल तांदूळ मात्र अजून बहुतेक घरच्या कणगीतच राहतो.

बांध सांभाळणे हे एका शेतकऱ्याचे काम नव्हेच. पूर्वी त्यासाठी ‘जोळ’ होता. ज्याची जमीन बांधाआड, त्याने आपल्या वाट्याची मेहनत द्यायची, आणि उधाणाच्या रात्री बांधावर हजर राहायचे. 1948 च्या खार जमीन कायद्यानंतर सरकारी यंत्रणा आली, पैसा आला, आणि जबाबदारी गावाच्या हातून सुटत गेली. बांधाला खांड पडली तर एका रात्रीत शेतात समुद्र येतो आणि तो मुरलेला खारेपणा धुवायला दोन-तीन पावसाळे लागतात. दुरुस्ती लांबली तर तिवरे रुजतात. तिवरांना कायद्याचे संरक्षण आहे, आणि किनाऱ्यासाठी ते योग्यही आहे. पण दुरुस्ती करणाऱ्यांच्या दिरंगाईची शिक्षा भातशेतीला का, या प्रश्नाचे उत्तर खारेपाटाला कोणी देत नाही.

जमिनीचे मोल कळले की तिच्यावरून भांडणेही होतात. बरगंडीत फ्रेंच राज्यक्रांतीनंतर साधूंचे मळे जप्त झाले आणि विकले गेले. इथे शेजारच्या अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला आणि तो संप सहा वर्षे चालला. पेणच्या 22 गावांत 21 सप्टेंबर 2008 रोजी विशेष आर्थिक क्षेत्राबाबत शेतकऱ्यांचे सार्वमत घेण्यात आले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली ती गावे. म्हणजे तिथेही वादाच्या मुळाशी पाणीच.

दुसरे पीक रोह्याकडचे: वाल. खारेपाटात दिवाळीनंतर मीठ वर येते, तर आत कुंडलिकेच्या खोऱ्यातल्या गोड्या खाचरांत भात कापल्यावर ओल शिल्लक राहते. बेसॉल्टपासून झालेली ही चिकणमाती पाणी घट्ट धरते आणि हळूहळू सोडते. वापसा आला की त्या अंगओलाव्यावर वाल पेरतात. त्यानंतर पाणी नाही, बहुतेक ठिकाणी खतही नाही. वालाचे सोटमूळ ओल शोधत खाली जाते, रात्रीची थंडी फुलोऱ्याला साथ देते आणि मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात. त्यातला काही पुढच्या भाताला मिळतो. घात होतो ढगाळ हवेने. पौषात आभाळ आले की मावा आणि शेंगा पोखरणारी अळी दोन्ही हजर. पाण्याची बेताची ओढ बोर्दोच्या वेलीला हवी असते, ती इथे वालाच्या वाट्याला आपसूक येते.

या दाण्याचा कडवटपणा सांभाळण्याचे ज्ञान स्वयंपाकघरात आहे. वालात टॅनिन आणि सायनाइड सोडू शकणारी संयुगे असतात. रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा आणि मग शिजवायचे: बिरड्याच्या, म्हणजे सोललेल्या वालाच्या भाजीच्या, या चारही पायऱ्या ती संयुगे कमी करत नेतात. उरतो तो जेमतेम कडसर स्वाद. तो आवडणारे त्याच्यावर जीव टाकतात, बाकीचे भाजीत गूळ वाढवतात.

वालाच्या शेंगांच्या पोपटीचा मामला याहून सोपा. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या ताज्या शेंगा, हवे तर अंडी किंवा कोंबडी, वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. आत थेंबभर पाणी घालायचे नाही. पाल्यातला आणि शेंगांतला ओलावाच वाफ होऊन शेंगा शिजवतो. म्हणून शेंग ताजी लागते. सुकलेल्या शेंगेची पोपटी करपते.

रोह्यातला वाल आता सगळीकडे दिसत नाही. त्यामागे आहे एक उलटे वळवलेले पाणी. घाटमाथ्यावर मुळशीला पडणारा पाऊस निसर्गाने मुळा-भीमेमार्गे बंगालच्या उपसागराकडे धाडला असता. टाटांच्या धरणाने तो अडवला. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्धचा. 1927 पासून ते पाणी भिऱ्याच्या वीजगृहात उतरते आणि तिथून कुंडलिकेत येते. त्यामुळे कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात तेव्हा कुंडलिका वाहती असते. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले आणि कालव्याखालच्या शेतांत उन्हाळी भात आला. माती तीच, दगड तोच, शेतकरीही तोच; पाण्याचे वेळापत्रक बदलले आणि पीक बदलले. सातबाऱ्याचा तक्ता याहून जास्त काय सांगतो!

खारेपाटात याच गोड्या-खाऱ्याच्या सीमेवर जिताडा हा मासाही पोसला जातो. खाडीत जन्मतो, गोड्या तळ्यात वाढतो, आणि तरुणपणी नर असलेला पुढे मादी होतो. घरामागच्या तळ्यात जिताडे सोडणे ही इथली जुनी रीत.

यंदा पोपटी करायची असेल तर हंगाम साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. रोह्याच्या बाजारात शेंगा घेताना गाव विचारा आणि शेत कालव्याखालचे की अंगओलाव्याचे, तेही विचारा. विकणारीला दोन्ही ठाऊक असते. कालव्याखाली भात उभा असल्यामुळे उत्तर बहुतेक वेळा अंगओलाव्याचेच येईल.