फुंकर आणि मोजपट्टी : शेमस हीनींची कविता दुःखावर कसं काम करते

फेब्रुवारी 1953. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात, सेंट कोलंब्स कॉलेज या निवासी शाळेत शिकणाऱ्या 13 वर्षांच्या शेमस हीनीला अचानक घरी नेण्यात आलं. त्याचा चार वर्षांचा धाकटा भाऊ क्रिस्टोफर घराजवळच्या रस्त्यावर मोटारीच्या धडकेत गेला होता. नऊ भावंडांत शेमस थोरला. या घटनेवरची 'मिड-टर्म ब्रेक' ही कविता त्यांनी लिहिली ती सुमारे दहा वर्षांनी, स्वतः शिक्षक झाल्यावर. आयर्लंडमधल्या कितीतरी पिढ्यांनी ती शाळेत वाचली आहे. लिहिण्याने माणूस सावरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे पाहायचं असेल तर ही कविता सावकाश उघडून पाहावी.

पहिल्यांदा लक्षात येतं ते हे की बोलणारा मुलगा कुठेही आपल्याला दुःख झालं असं म्हणत नाही. तो मोजत असतो. शाळेच्या आजारी मुलांच्या खोलीत बसून घंटांचे ठोके मोजतो. शेजारी किती वाजता न्यायला आले, रुग्णवाहिका किती वाजता आली, भावाला किती आठवड्यांनी पाहिलं, सगळं सांगतो. बाकीची माणसं मात्र कोसळलेली आहेत. एरवी गावातल्या मयतांना खंबीरपणे उभे राहणारे वडील रडताहेत, आईच्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हातारे पुरुष उठून या पोराशी हात मिळवतात आणि त्यालाच अवघडल्यासारखं होतं. शेवटी येते ती पेटीची लांबी आणि मुलाचं वय. दोन आकडे शेजारी ठेवले जातात आणि कविता थांबते. वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, कारण एवढा वेळ कवीने आवरून धरलेलं रडू त्या मोजमापात आपल्या हाती येतं.

म्हणजे यंत्रणा अशी: घटना असह्य असते, तपशील सह्य असतात. तपशील एकेक करून उचलता येतो, जागेवर ठेवता येतो. कडव्यांची ठरावीक ओळसंख्या आणि लय त्याला कड देतात. आकांत त्या चौकटीत शिरतो तेव्हा त्याला आकार येतो, आणि आकार आलेली गोष्ट दुसऱ्याच्या हातात देता येते. पण म्हणून ती संपत नाही. 2006 सालच्या 'डिस्ट्रिक्ट अँड सर्कल' या संग्रहातल्या शेवटच्या कवितेत, ग्लॅनमोर इथल्या त्यांच्या घराच्या अंगणातल्या एका काळ्या पक्ष्याच्या निमित्ताने, तोच लहानगा भाऊ पुन्हा येतो. 'मिड-टर्म ब्रेक' असलेल्या पहिल्या संग्रहापासून चाळीस वर्षं झालेली असतात. एका कवितेत जखम भरून येते असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये.

इथे मानसशास्त्रातला एक प्रयोग आठवतो. 1986 साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस रोज 15 मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं. काहींनी आयुष्यातल्या आघाताच्या फक्त भावना लिहिल्या, काहींनी फक्त घटना लिहिली, आणि काहींनी घटना व भावना दोन्ही. लिहून झाल्याबरोबर आघाताबद्दल लिहिणाऱ्यांचा जीव उलट जड झाला होता. पुढच्या सहा महिन्यांत मात्र दोन्ही मिळून लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातल्या खेपा कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम सरासरीने लहानच दिसला आहे, आणि तो उपचाराची जागा घेत नाही. तरी त्यातून हाती लागलेली एक गोष्ट मला मोलाची वाटते: ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'आता कळतं' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. नुसतं भडाभडा ओतून भागत नाही, ओतलेलं रचावं लागतं. हीनी काही प्रयोगशाळेत गेले नव्हते, पण रचण्याचं काम ते जन्मभर करत होते.

हे काम ते शिकले कुठे? बरंचसं शाळेत, आणि तेही शिकवता शिकवता. बेलफास्टच्या बॅलीमर्फी या गरीब वस्तीतल्या सेंट थॉमस शाळेत ते मास्तर म्हणून लागले, तेव्हा मुख्याध्यापक होते कथाकार मायकल मॅक्लॅव्हर्टी. त्यांनी या तरुण शिक्षकाच्या हातात पॅट्रिक कॅव्हनाचा संग्रह ठेवला. कॅव्हना मोनॅहनमधला शेतकरी कवी. शेतातला चिखल, बटाटे, बादल्या यांच्यावर कविता होते हे हीनींना तिथे दिसलं, कारण तेच त्यांचंही घर होतं. 1963 पासून फिलिप हॉब्सबॉम या प्राध्यापकाच्या घरी दर आठवड्याला लिहिणारी मंडळी जमू लागली. कविता सायक्लोस्टाइल करून आधीच वाटलेल्या असत. कवीने मोठ्याने वाचायचं आणि मग बाकीच्यांनी ओळ न् ओळ तपासायची. मायकल लाँगली त्याच बैठकीतले. हॉब्सबॉम बेलफास्ट सोडून गेल्यावर ती बैठक जमवण्याची जबाबदारी हीनींनीही घेतली. 1966 मध्ये 'डेथ ऑफ अ नॅचरलिस्ट' हा पहिला संग्रह आला.

त्या संग्रहात पाणाड्यावर एक छोटी कविता आहे. हिरव्या हेझेलची दोन फाट्यांची काठी घेऊन तो माणूस रानात फिरतो आणि पाण्यावर आला की काठी खाली ओढली जाते. भोवतीचे लोक काठी मागून घेतात, तर त्यांच्या हातात ती हलतच नाही. मग पाणाड्या काही न बोलता त्यांचं मनगट धरतो, आणि काठी हलते. जमिनीखालचं पाणी असं कळतं की नाही, हा प्रश्न इथे बाजूला ठेवू. 1974 च्या एका व्याख्यानात हीनींनी याच पाणाड्याचा आधार घेऊन सांगितलं की रचनेचं कसब शिकवता येतं, पण स्वतःच्या आतल्या पाण्याशी जोडलं जाणं ही वेगळी गोष्ट आहे. मला वाटतं, त्यांच्या शिकवण्याची रीतही त्या कवितेत आहे. मास्तर काठी स्वतः चालवत नाही, विद्यार्थ्याची बोटं तिच्यावरून सोडवतही नाही. फक्त मनगटावर हात ठेवतो. डब्लिनच्या कॅरिसफोर्ट कॉलेजात ते सहा वर्षं होणाऱ्या प्राथमिक शिक्षकांना शिकवत होते. पुढे हार्वर्ड आणि ऑक्सफर्ड आलं, त्याचीच चर्चा जास्त होते. पण लहान मुलांना शिकवणारी माणसं घडवण्यात घालवलेली ती वर्षं मोठी आहेत.

आता अवघड भाग. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून उत्तर आयर्लंडमध्ये जो हिंसाचार पेटला त्यात 3,500 हून अधिक माणसं मेली. ऑगस्ट 1975 मध्ये हीनींचे नात्यातले कॉलम मॅकार्टनी डब्लिनहून फुटबॉलचा सामना पाहून परतत होते. रस्त्यात अडवून त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. 'फील्ड वर्क' (1979) या संग्रहात त्यांच्यावर एक विलापिका आहे. तिच्यात कवी तळ्याकाठच्या ओल्या गवतातलं दव घेऊन मृताचा चेहरा धुतो. अतिशय सुंदर कविता आहे. पाच वर्षांनी आली 'स्टेशन आयलंड' ही दीर्घ कविता. डॉनेगलमधल्या लॉख डर्ग तळ्यातल्या बेटावर यात्रेकरू अनवाणी, उपाशी राहून तीन दिवस प्रायश्चित्त करतात. तिथे कवीला एकेक मृत भेटत जातो. कॉलमही भेटतो, आणि जाब विचारतो. माझी बातमी आली तेव्हा तू कवींच्या घोळक्यात होतास आणि तिथेच राहिलास. माझ्या मरणाची घाण तू सौंदर्याने झाकून टाकलीस.

स्वतःच्याच गाजलेल्या कवितेवर मेलेल्या माणसाकडून असा आरोप करवून घेणं, हे मला या सगळ्या प्रवासातलं सर्वात धाडसाचं पाऊल वाटतं. फुंकर कुणाला घातली जात आहे, जखमेला की स्वतःच्या अपराधी मनाला, हे तपासायची जागा त्यांनी कवितेतच केली. लेखनातून सावरण्याच्या कामात ही पायरी बहुतेक वेळा गाळली जाते. हीनींनी पहिली कविता मागे घेतली नाही आणि दुसरीही लपवली नाही. दोन्ही त्यांच्या पुस्तकांत आहेत.

एका माणसाचं झालं, अख्ख्या समाजाचं काय? त्यासाठी ते ग्रीक नाटकाकडे वळले. सोफोक्लीसचा फिलॉक्टेटीस हा धनुर्धर. सर्पदंशाने त्याचा पाय सडतो, त्याची दुर्गंधी आणि किंकाळ्या सहन न होऊन सोबतचे ग्रीक त्याला लेम्नॉस बेटावर टाकून जातात. दहाव्या वर्षी त्यांना कळतं की त्याच्या धनुष्यावाचून ट्रॉय पडणार नाही. हीनींचं रूपांतर, 'द क्युअर अ‍ॅट ट्रॉय', फील्ड डे या नाटक कंपनीने 1990 मध्ये डेरीच्या गिल्डहॉलमध्ये रंगमंचावर आणलं. प्रेक्षकांत त्या हिंसाचाराच्या दोन्ही बाजूंची माणसं होती. नाटक त्यांना सांगत होतं की अन्याय खरा आहे, जखम खरी आहे, आणि तरीही वर्षानुवर्षं ती कुरवाळत राहिलं की माणूस तिच्याशिवाय स्वतःला ओळखेनासा होतो. कोरसमध्ये हीनींनी उपोषणात मेलेल्या कैद्याचा बाप आणि पोलिसाची विधवा दोघांनाही उभं केलं. त्या ओळी सोफोक्लीसच्या नाहीत, डेरीच्या आहेत. त्याच कोरसमधले आशेचे शब्द पुढे राजकारण्यांच्या भाषणांत इतके वापरले गेले की त्यांच्या आधीचं दुःख लोक विसरले. ते आधी वाचावं, आशा मग.

ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानांत त्यांनी याचं तत्त्वही मांडलं. सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत बाईचं म्हणणं असं की तराजू एका बाजूला झुकला तर हलक्या पारड्यात आपलं वजन टाकावं. हीनींच्या मते कविता तेच करते. वास्तवाचं पारडं ती हलकं करू शकत नाही, पण समोर काहीतरी ठेवते. 1995 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ऑगस्ट 2006 मध्ये डॉनेगलला मित्रमंडळींत असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मित्रांनी त्यांना जिन्यावरून उचलून खाली आणलं. 'ह्यूमन चेन' (2010) या शेवटच्या संग्रहातली 'मिरॅकल' ही कविता त्यातून आली. बायबलमधल्या गोष्टीत लुळ्या माणसाला त्याचे सोबती छप्पर उघडून, दोरांनी खाली सोडतात आणि तो बरा होतो. हीनी बऱ्या झालेल्या माणसाकडे पाहत नाहीत, येशूचं नावही घेत नाहीत. त्यांची नजर उचलणाऱ्यांवर आहे: भरून आलेले खांदे, घाम, दोराने पोळलेले तळवे, आणि थोडा वेळ तसंच उभं राहणं.

30 ऑगस्ट 2013 ला ते गेले. बेलाही या त्यांच्या गावी जुन्या पोलीस ठाण्याच्या जागेवर 2016 मध्ये 'होमप्लेस' हे त्यांच्या नावाचं केंद्र उघडलं. तिथे त्यांचं दप्तर आणि डफल कोट ठेवला आहे, आणि शाळेतल्या मुलांना बसवून कविता लिहायला शिकवलं जातं.