उन्हाळ्याचा हिशेब कोणाच्या नावे?

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांचे नाव निघाले की डोळ्यांपुढे प्रथम ऊस उभा राहतो आणि पाठोपाठ नीरा डाव्या कालव्याचे पाणी. वस्तुतः हा सारा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. पाऊस वर्षाकाठी सरासरी ६०० मिलिमीटरच्या आतच. कालव्याचे पाणी ज्या गावांना लाभले नाही, तेथील जिरायतदाराने पोटापाण्यासाठी जे जोडधंदे धरले त्यांत मांसासाठी वाढवावयाच्या ब्रॉयलर कोंबड्यांचा धंदा हा एक प्रमुख होय. पत्र्याची लांबट शेड, दोन्ही बाजूंस जाळी, तिच्यावर गोणपाटाचे पडदे आणि आत भाताच्या तुसाच्या गादीवर काही हजार पक्षी, हे दृश्य आता या भागात नवलाचे राहिलेले नाही. नवल असेल तर ते याचे की, हा धंदा दर चैत्र-वैशाखात एकाच संकटात सापडतो आणि दर वर्षी त्याला एकच उत्तर दिले जाते: औषधाच्या दुकानातून आणलेली एखादी पुडी.

ही पुडी अगदीच निरुपयोगी असते असे नव्हे. कोंबडीला घर्मग्रंथी नाहीत. तिच्या शरीराचे तपमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस. भोवतालची हवा तापली की चोच उघडून धापा टाकणे हाच तिच्यापाशी मुख्य मार्ग उरतो. धापा टाकताना श्वासावाटे पाण्याची वाफ जाते आणि अंग निवते, हे खरे. पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्तातील आम्ल-अल्क समतोल ढळतो आणि रक्त अधिक अल्कधर्मी होते. पोटॅशियमसारखी द्रव्ये मूत्रावाटे वाहून जातात. पक्षी खाणे सोडतो, वाढ खुंटते आणि दुपार अधिकच कडक निघाली तर तो मान टाकतो. त्यातही ४० दिवसांच्या आसपास दोन किलोंवर जाणारी आजची जात म्हणजे भट्टीच. जितकी वाढ जलद, तितकी अंगात निपजणारी उष्णता अधिक. म्हणूनच विक्रीला आलेला, वजनदार पक्षी प्रथम दगावतो.

या बिघाडावर खाद्यातून वा पाण्यातून काही देता येईल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी फार पूर्वीच हाती घेतला. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्य विद्यापीठात टीटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, अमोनियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा यांसारख्या साध्या क्षारांनी उष्म्यात सापडलेल्या पिल्लांची वाढ सुधारते. जीवनसत्त्व ‘क’ची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. कोंबडी ते स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते, म्हणून एरवी ते खाद्यात घालावे लागत नाही; पण उन्हाच्या ताणात तिची ही निर्मिती अपुरी पडते आणि बाहेरून दिलेले लागू पडते. ‘ई’ जीवनसत्त्व, सेलेनियम, क्रोमियम यांचेही उपयोग प्रयोगांतून दिसले आहेत. बीटेन हे द्रव्य पेशींमधले पाणी टिकवून धरते. साखर कारखान्यांच्या या मुलखात त्याचे नाव ऐकून कोणाला आपलेपणा वाटेल, पण ते मुख्यतः उसाचे नव्हे, साखरबीटाच्या मळीचे देणे आहे!

मात्र या सर्व द्रव्यांचा गुण परिस्थितीवर अवलंबून असतो आणि नेमके हेच पुडीवर लिहिलेले नसते. पत्र्यावर ठेवलेल्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी बारा वाजता हात भाजेल इतके तापते. त्यात टाकलेले ‘क’ जीवनसत्त्व पक्ष्याच्या चोचीपर्यंत पोहोचेतो बरेचसे नासून जाते, आणि तसले पाणी पक्षी पितही नाही. उन्हाळ्यात तर त्याची पाण्याची गरज खाद्याच्या दुपटीहून कितीतरी वर गेलेली असते. क्षारांवर संशोधन करणाऱ्या त्याच टीटर यांनी पुढे १९९४ मध्ये एका सहकाऱ्यासमवेत पिण्याच्या पाण्याच्या तपमानाचा अभ्यास केला आणि गार पाण्याने उष्म्यातील पक्षी अधिक वाढतात असे दाखविले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. टाकीवर सावली, जमिनीत पुरलेला नळ, पत्र्याला चुन्याचा पांढरा हात, छपरावर उसाचे पाचट आणि त्यावर पाण्याचे तुषार (पाचट कोरडे ठेवले तर आगीची भीती, हेही सांगितले पाहिजे), शेडमध्ये पक्ष्यांची गर्दी कमी, आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी खाद्याची भांडी वर उचलून ती सायंकाळी पुन्हा खाली सोडणे: या गोष्टी जेथे झाल्या, तेथे पुरवणी द्रव्यांचा लाभ दिसतो. जेथे झाल्या नाहीत, तेथे पुडीचे पैसे पाण्यात जातात, शब्दशः.

या दोन तालुक्यांची आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर पत्रिका प्रसिद्ध केली ती १९१० मध्ये. कालव्याच्या पाठोपाठ आलेले हे खारवटपण ओसरलेले नाही. कालव्याखालच्या पुष्कळ विहिरींचे पाणी आजही मचूळ लागते. अशा पाण्यात वरून आणखी मिठाचे क्षार मिसळले म्हणजे पक्ष्याला पातळ विष्ठा होते, तुसाची गादी ओली होते, तिच्यातून अमोनिया सुटतो आणि एका दुखण्याची दोन दुखणी होतात. पाण्याची तपासणी न करता क्षारांची पुडी सुचविणारा मनुष्य, मग तो दुकानदार असो वा पर्यवेक्षक, शेतकऱ्याचे हित करीत नाही. उजनीच्या फुगवट्याकडील गावांत व मेअखेरीस हवा दमट होऊ लागली की तुषार उडविणाऱ्या फॉगरचेही असेच होते. कोरड्या एप्रिलमध्ये ज्याने शेड निवते, त्यानेच दमट हवेत पक्ष्याची धाप निष्फळ ठरते.

इतके सारे शेतकऱ्याने शिकावे असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्याच्या हाती काय आहे, हेही पाहिले पाहिजे. या धंद्याचा फार मोठा भाग आज कराराने चालतो. तमिळनाडूत कोइमतूर-पल्लडमकडे नव्वदच्या दशकात रुजलेली ही पद्धत पुढे महाराष्ट्रातही पसरली. पिल्ले, खाद्य, लस, औषधे कंपनीची, शेड, वीज, पाणी, तूस आणि श्रम शेतकऱ्याचे, मोबदला किलोमागे. बाजारभावाचा धोका कंपनी पत्करते, हे तिच्या बाजूने मान्य करावयास हवे; भाव कोसळलेल्या महिन्यातही शेतकऱ्याला संगोपनाचा दर मिळतो. पण हवामानाचा धोका? पस्तिसाव्या दिवशी मेलेला पक्षी तोवर सुमारे तीन किलो खाद्य खाऊन गेलेला असतो. ते खाद्य हिशेबात धरले जाते, पक्ष्याचे वजन मात्र शून्य. उत्पादनखर्च ठरीव मर्यादेच्या वर गेला की तूट शेतकऱ्याच्या मोबदल्यातून वजा होते. म्हणजे पोत्यात काय मिसळावयाचे हे ठरविणार एक, आणि ते कमी पडले तर भोगणार दुसरा. मग शेतकरी घाबरून स्वतःच्या खर्चाने मिळेल ते औषध आणतो, प्रसंगी प्रतिजैविकसुद्धा, ज्याचा उष्म्याशी काडीचा संबंध नसतो.

पोत्यातील घटक जाणण्याचा त्याचा हक्क ही केवळ तात्त्विक बाब नव्हे. रक्ती हगवणीच्या प्रतिबंधासाठी खाद्यात मिसळले जाणारे निकार्बाझिन हे औषध कडक उन्हाळ्यात पक्ष्यांची मरतूक वाढविते, हे पशुपोषणशास्त्रात सर्वश्रुत आहे. ते आपल्या पोत्यात आहे की नाही, हे शेतकऱ्याला पोत्यावरून वाचता आले पाहिजे. त्याचप्रमाणे सोडा वा क्षार कंपनीने आधीच घातले असतील तर तेही. नाहीतर तोच क्षार खाद्यातून एकदा आणि पाण्यातून दुसऱ्यांदा जाणार.

कंपन्यांचे म्हणणे असे की, उष्म्याची मरतूक माफ केली तर निष्काळजी माणसाचे फावेल. हे म्हणणे अगदी उडवून लावण्यासारखे नाही. पण त्यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. शेडमध्ये कमाल-किमान तपमापक टांगावा, त्याची रोजची नोंद शेतकरी व पर्यवेक्षक या दोघांच्या सहीने व्हावी. ठरावीक तपमानाच्या वरच्या दिवसांतील मरतूक वेगळी मोजून ती उभयतांनी वाटून घ्यावी. एकाच दिवशी पंचक्रोशीतल्या सर्वच शेडमध्ये पक्षी मेले, तर त्यात एकट्या माणसाचा आळस शोधण्याचे कारण राहत नाही.

माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन केली. अवर्षण, खारवटपणा आणि उष्मा हेच तिचे विषय. बारामतीचे कृषी विज्ञान केंद्रही माळेगावलाच आहे, आणि नीरेच्याच काठी वर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इतकी विद्या एका नदीच्या आसऱ्याला क्वचितच एकत्र आलेली आढळेल. तिने प्रयोगशाळेच्या जोडीने शेतकऱ्यांच्या पत्र्याखाली, त्यांच्याच मचूळ पाण्यावर, एप्रिलच्या उन्हात कोणती पुरवणी किती प्रमाणात लागू पडते हे मोजून तालुकावार सांगावे, आणि सांगताना दुकानातील नावे न घेता द्रव्यांची नावे घ्यावीत.

मार्चच्या मध्याला शेडमध्ये सोडलेली पिल्ले एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे ऐन उन्हात, पूर्ण वजनाला येतात. तेव्हा करारातील कलमांची बोलणी करावयाची तर ती होळीच्या आधी, पिल्लांची गाडी दाराशी उभी राहण्यापूर्वी, व्हावयास हवीत.