ढग फोडणाऱ्याचं घर

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मेन राज्यात रेंजली नावाचं लहानसं गाव आहे. चहूकडे तळी आणि डोंगर. ४५ अंश उत्तर अक्षांश याच भागातून जातो, त्यामुळे विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या बरोब्बर मधोमध असल्याचं गावाला कोण कौतुक! येणारे बहुतेक पाहुणे ट्राउट आणि सामन माशांच्या ओढीने येतात. डॉज पाँड तळ्याच्या वरच्या टेकडीवरची सपाट छपरांची दगडी वेधशाळा पाहायला येणारे थोडेच. ही जागा म्हणजे ऑर्गनॉन, विल्हेल्म राइख यांचं घर, प्रयोगशाळा आणि समाधीही.

राइख यांचा जन्म १८९७ सालचा, ऑस्ट्रो-हंगेरियन साम्राज्यातला. व्हिएन्नात फ्रॉइड यांच्या तरुण सहकाऱ्यांत त्यांचं नाव अग्रभागी होतं. दडपलेल्या भावना शरीरात, स्नायूंच्या ताणात घर करून राहतात, हा त्यांचा विचार पुढच्या अनेक उपचारपद्धतींनी उचलला. पुण्याच्या कोरेगाव पार्कातल्या रजनीश आश्रमात सत्तरच्या दशकात चाललेल्या श्वासाच्या आणि आरड्याओरड्याच्या उपचारांमागेही काही अंशी हाच माणूस आहे. फॅसिझमच्या मानसशास्त्रावरचं त्यांचं पुस्तक १९३३ मध्ये आलं. कम्युनिस्टांनी त्यांना पक्षातून काढलं, मनोविश्लेषकांनी १९३४ मध्ये संघटनेतून, आणि नाझींना तर ते नकोच होते. नॉर्वेमार्गे १९३९ मध्ये ते अमेरिकेत पोचले आणि १९४२ मध्ये त्यांनी ही टेकडी विकत घेतली.

तोवर त्यांना 'ऑर्गोन' सापडलं होतं, निदान त्यांची तशी खात्री होती. सगळ्या सृष्टीत भरून राहिलेली ही जीवनऊर्जा साठवायला त्यांनी जुन्या एसटीडी बूथएवढी पेटी बनवली: बाहेरून लाकूड, आतून पत्रा, मध्ये लोकर आणि पोलादी तंतूंचे थर. आत माणसाने नुसतं बसायचं. कॅन्सरच्या रुग्णांवरही त्यांनी ती वापरून पाहिली. संग्रहालयात या पेट्या, सूक्ष्मदर्शक आणि इतर उपकरणं, अभ्यासिका, ग्रंथालय आणि उतारवयात त्यांनी रंगवलेली चित्रं आहेत. सगळं पाहून गच्चीवर जावं. तळी आणि डोंगरांचा एवढा विस्तार दिसतो, की ऊर्जा शोधायला माणूस इथेच का आला असेल ते कळतं.

हे संग्रहालय राइख यांच्या मृत्युपत्रानुसार स्थापन झालेला ट्रस्ट चालवतो. त्यामुळे गोष्ट त्यांच्या बाजूने ऐकायला मिळते. उलटतपासणी आपली आपण करायची. तिच्यासाठी आइनस्टाइन यांचा किस्सा पुरेसा आहे. १३ जानेवारी १९४१ रोजी राइख प्रिन्स्टनला त्यांना भेटले, जवळजवळ पाच तास बोलले. पेटीच्या वर तापमान किंचित जास्त भरतं, हा त्यांचा दावा. आइनस्टाइन यांनी पेटी ठेवून घेतली, मोजलं, फरक आढळलाही. मग कारण कळलं: खोलीत छताजवळची हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा गरम असते आणि ती खाली-वर फिरते. राइख यांनी लांबलचक प्रतिवाद पाठवला; आइनस्टाइन गप्प राहिले. माझ्या मते ऑर्गोनचा निकाल तिथेच लागला.

राइख मात्र थांबले नाहीत. १९५१ मध्ये त्यांनी पेटीत रेडियम ठेवून पाहिलं. उंदीर मेले, सहकारी आजारी पडले. मग 'क्लाउडबस्टर' आला. आकाशाकडे रोखलेल्या पोकळ नळ्यांची रांग, तिच्या केबल खाली पाण्यात सोडलेल्या. १९५३ च्या कोरड्या उन्हाळ्यात मेनच्या ब्लूबेरी उत्पादकांनी त्यांना पाऊस पाडायला बोलावलं. पाऊस पडला, त्यांना पैसेही मिळाले. पण पाऊस त्यांच्यामुळे पडला, हे एवढ्यावरून कसं ठरवायचं? आपल्याकडे पर्जन्ययज्ञानंतरही कधीकधी सर येतेच.

इथवर ही एका हट्टी माणसाच्या चुकीची गोष्ट आहे. पुढची सरकारची आहे, आणि ती जास्त बोचते. अन्न व औषध प्रशासनाने १९५४ मध्ये न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला. पेट्यांची विक्री रोखणं एक वेळ समजू शकतं. हुकूम पुस्तकांवरही होता. विज्ञानाचा निवाडा न्यायालयात होत नसतो, असं म्हणत राइख हजरच झाले नाहीत. पुढे एका सहकाऱ्याने पेट्या राज्याबाहेर नेल्या, आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल राइख यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. ५ जून १९५६ रोजी सरकारी अधिकारी ऑर्गनॉनवर आले. पेट्या त्यांनी स्वतः फोडल्या नाहीत, राइख यांच्या माणसांना कुऱ्हाडी चालवायला लावून ते पाहत उभे राहिले. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या भट्टीत सुमारे सहा टन पुस्तकं आणि नियतकालिकं जाळली गेली. त्यात फॅसिझमवरचं ते पुस्तकही होतं. शिक्षा भोगत असताना ३ नोव्हेंबर १९५७ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या लुइसबर्गच्या तुरुंगात राइख वारले. ऑर्गनॉनच्या झाडीत त्यांची समाधी आहे, वर अर्धपुतळा, जवळच एक क्लाउडबस्टर.

त्यांचे कागद त्यांच्याच इच्छेनुसार पन्नास वर्षं बंद होते. २००७ पासून ते हार्वर्डच्या वैद्यकीय ग्रंथालयात अभ्यासकांना पाहता येतात. ऑर्गनॉनला जायचं तर पोर्टलंडहून गाडीने सुमारे २०० किलोमीटर, शेवटचा टप्पा डोंगरातला. जुलै-ऑगस्ट उत्तम, पण वेळा आधी विचारून घ्याव्यात. मुक्काम करायचा तर आवारातल्या काही घरकुलांत भाड्याने राहता येतं.